रग्बी पाहायला शिकायचंय? सात नंबरच्या मागे लागा

रग्बी पहिल्यांदा पाहायला बसलेला आपल्याकडचा माणूस साधारण पंधराव्या मिनिटाला उठतो. चेंडू दिसत नाही, माणसांचा ढीग दिसतो, मधेच शिट्टी वाजते आणि ती का वाजली हे कळत नाही. माझंही अगदी असंच झालं होतं. मग एका मित्राने सांगितलं, चेंडू सोड, एक माणूस धर. मी न्यूझीलंडच्या काळ्या जर्सीतला सात नंबरचा माणूस धरला. त्याचं नाव रिची मॅकॉ. त्याच्या मागे मागे जात मला हा खेळ कळला. आंतरराष्ट्रीय रग्बीपटूचं आयुष्य कसं घडतं, किती ताणलं जातं आणि कुठे थांबतं, तेही त्याच्यामुळेच कळलं.

हा लेख त्याच वाटेने लिहिलाय. नवख्याने कुठून सुरुवात करावी, काय पाहावं आणि कोणत्या क्रमाने पाहावं, ते सांगतो.

पहिली पायरी: सुरुवातीला लागणारे एवढेच नियम

शोधताना ‘रग्बी युनियन’ असंच शोधा. ‘रग्बी लीग’ हा तेरा जणांचा वेगळा खेळ आहे आणि त्याचे नियमही वेगळे. युनियनमध्ये एका संघात १५ जण असतात आणि ४० मिनिटांचे दोन भाग खेळले जातात. हाताने चेंडू पुढे टाकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. पायाने मात्र पुढे मारता येतो. गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण. त्यानंतरची कन्व्हर्जन किक २ गुणांची. पेनल्टी किक ३, आणि चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच खांबांमधून मारला तर ड्रॉप गोल, त्याचेही ३. पिवळं कार्ड म्हणजे १० मिनिटं बाहेर. देशाकडून खेळलेल्या सामन्याला इथेही टेस्टच म्हणतात.

जर्सीचे आकडे इथे जागेवरून ठरतात, खेळाडूच्या आवडीवरून नाही. १ ते ८ म्हणजे धिप्पाड फॉरवर्ड, ९ ते १५ म्हणजे धावणारे बॅक आणि १६ ते २३ बदली खेळाडू. आपला माणूस ७ नंबरचा, म्हणजे ओपनसाइड फ्लँकर. दक्षिण आफ्रिका पाहत असाल तर तिथे हे काम ६ नंबरकडे असतं. सिया कोलिसीच्या पाठीवर सहा आकडा दिसतो तो त्यामुळेच.

बाकीचे नियम आत्ता वाचू नका. वाचलेत तरी लक्षात राहणार नाहीत. सामना पाहताना एकेक येऊन चिकटतील.

दुसरी पायरी: ढिगाकडे पाहायला शिका

या पायरीवर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण लोक नेमकं इथेच कंटाळतात आणि खेळाचं मर्मही इथेच आहे.

कबड्डीत पकड झाली की चढाई संपते. रग्बीत पकड झाली की खरी झटापट सुरू होते. चेंडू घेऊन धावणाऱ्याला टॅकल करून पाडलं की त्याला चेंडू लगेच सोडावा लागतो. पाडणाऱ्यालाही त्याला सोडून बाजूला व्हावं लागतं. आता चेंडू दोन्ही संघांच्या मधोमध जमिनीवर आहे आणि जो आधी पोचेल त्याला संधी आहे. या जागेला ब्रेकडाउन म्हणतात. दोन्ही बाजूंचा निदान एकेक माणूस चेंडूवर उभ्याने भिडला की त्याचा रक होतो, आणि त्यानंतर हात लावून चेंडू उचलायला बंदी. म्हणजे पाडल्यापासून रक होईपर्यंत जो दोन-तीन सेकंदांचा वेळ मिळतो, त्यात वाकून चेंडूवर हात बसवायचे. हेच सात नंबरचं मुख्य काम.

कुठलाही सामना लावा, एका टॅकलवर थांबवा आणि हळू पुढे न्या. पडणारा गडी पडता पडता अंग वळवतो आणि हात लांबवून चेंडू आपल्या लोकांकडे मागे ठेवतो. पकडीत सापडलेला चढाईपटू मध्यरेषेला बोट लावायला जसा अंग ताणतो, तसाच हा ताण. तेवढ्यात सात नंबर येतो. पाय फाकवून तो चेंडूच्या वर उभा राहतो, कंबर गुडघ्यांच्या पातळीपर्यंत खाली, दोन्ही हात चेंडूवर. शंभर-शंभर किलोचे दोघे-तिघे धावत येऊन त्याच्या खांद्यावर, मानेवर, बरगड्यांवर आदळतात. तो हलला नाही आणि पडलेल्याने चेंडू सोडला नाही, तर पंचाचा हात वर जातो आणि पेनल्टी सात नंबरच्या संघाला मिळते. एवढं दृश्य पाच-सहा वेळा मागेपुढे करून पाहिलंत की अर्धं रग्बी समजलं म्हणा.

एक गोष्ट घरातल्या उदाहरणाने लक्षात ठेवा. रकमध्ये शिरायचं ते आपल्या बाजूच्या दारातूनच, खिडकीतून नाही. म्हणजे आपल्या संघाच्या सगळ्यात मागच्या माणसाच्या पायामागून. बाजूने शिरलात की शिट्टी. माझ्या भाच्याला हे समजावताना मी स्वयंपाकघराच्या दारात उशी ठेवली होती. बैठकीतून आलास तर चालेल, गॅलरीतून वळसा घालून आलास तर पेनल्टी. पुन्हा सांगावं लागलं नाही.

मॅकॉचे जुने सामने पाहताना मात्र एक बदल ध्यानात ठेवा. त्याच्या काळात टॅकल करणारा स्वतः उठून उभा राहिला की कुठल्याही बाजूने चेंडूवर हात टाकू शकत होता. ही सवलत तो निवृत्त झाल्यावर, २०१७ पासून काढून घेण्यात आली. आज तेच केलं तर पेनल्टी बसेल. मॅकॉ सतत नियम मोडतो आणि पंच दुर्लक्ष करतात, अशी ओरड प्रतिस्पर्धी देशांचे प्रेक्षक वर्षानुवर्षं करत होते. त्याला पेनल्टी बसल्याच नाहीत असं नाही. पण मला दिसतं ते हे की पहिल्या दहा मिनिटांत तो पंच चाचपून घ्यायचा. आज हात किती वेळ ठेवू देतो, बाजूला किती लवकर व्हायला लावतो, हे कळलं की उरलेली सत्तर मिनिटं त्या मापाने खेळायचा. हे कसब आहे, आणि ते शिकायला वर्षं लागतात.

तिसरी पायरी: शिडी समजून घ्या

क्रिकेटमध्ये जिल्हा, रणजी, आयपीएल, भारत हा क्रम आपल्याला पाठ असतो. न्यूझीलंडची शिडी अशी: शाळा, क्लब, प्रांत, सुपर रग्बी (आयपीएलसारखी व्यावसायिक संघांची स्पर्धा) आणि शेवटी ऑल ब्लॅक्स, म्हणजे राष्ट्रीय संघ.

मॅकॉचा जन्म ३१ डिसेंबर १९८० चा. दक्षिण बेटावरच्या हाकाटारामेआ खोऱ्यात घरची शेती, जवळचं गाव कुरो. पुढे ड्युनेडिनला ओटागो बॉइज हायस्कूलच्या वसतिगृहात राहून शिक्षण, मग क्राइस्टचर्चजवळच्या लिंकन विद्यापीठात. तिथून कँटरबरी प्रांत आणि सुपर रग्बीतला क्रुसेडर्स संघ. शाळा संपवण्याच्या सुमारास टिमारूच्या मॅकडोनाल्ड्समध्ये मामाने त्याला विचारलं, तुला काय व्हायचंय? त्याने ऑल ब्लॅक म्हटल्यावर मामाने नॅपकिनवर वर्षांनुसार टप्पे लिहायला लावले आणि खाली ‘ग्रेट ऑल ब्लॅक’ असं लिही म्हणाला. पोराला ते पूर्ण लिहायचा संकोच वाटला, म्हणून त्याने नुसती तीन आद्याक्षरं लिहिली. त्या कागदावर ठरवलेल्या वर्षाच्या आधीच तो ऑल ब्लॅक झाला.

इथे १९९५ हे साल महत्त्वाचं. त्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत रग्बी युनियन अधिकृतपणे हौशी खेळ होता, खेळण्याचे पैसे घ्यायला बंदी होती. तेव्हा मॅकॉ चौदा वर्षांचा. म्हणजे ‘रग्बी हाच माझा व्यवसाय’ असं लहानपणापासून म्हणू शकणाऱ्या अगदी पहिल्या पिढीतला तो.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. न्यूझीलंडची संघटना आघाडीच्या खेळाडूंशी स्वतः करार करते, आणि देशाबाहेरच्या क्लबकडे गेलेल्याला ऑल ब्लॅक्समध्ये सहसा घेत नाही. फ्रान्स आणि जपानचे क्लब कितीतरी जास्त पैसे देतात. म्हणून प्रत्येक खेळाडूपुढे कधी ना कधी काळी जर्सी की मोठी रक्कम हा प्रश्न येतोच. त्याच्याच संघातला डॅन कार्टर फ्रान्समध्ये खेळून आला आणि शेवटी पुन्हा तिकडेच गेला. मॅकॉ आयुष्यभर एकाच सुपर रग्बी संघाकडून खेळला. कोण बरोबर, कोण चूक हा प्रश्नच नाही. तीस-पस्तिशीत संपणाऱ्या व्यवसायात दोन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत. नवा खेळाडू धरलात तर त्याचा करार कुठे आणि कधीपर्यंत आहे, एवढं जरूर पाहा. अनेक ‘अचानक’ निवृत्त्यांचं उत्तर तिथे सापडतं.

चौथी पायरी: चार सामने, याच क्रमाने

वर्ल्ड रग्बीच्या यूट्यूब वाहिनीवर विश्वचषकाचे जुने सामने आणि त्यांची संक्षिप्त चित्रणं मिळतात. पहिल्यांदा संक्षिप्त पाहा, मग पूर्ण.

सुरुवात नोव्हेंबर २००१, डब्लिन, आयर्लंडविरुद्ध. मॅकॉ वीस वर्षांचा, पहिलाच टेस्ट. सुपर रग्बीत तो तोवर जेमतेम काही मिनिटं खेळला होता. एवढ्या कोवळ्या पोराला काळी जर्सी देताच कशी, अशी टीका माजी खेळाडूंनीही केली. न्यूझीलंड ४०-२९ ने जिंकला आणि सामनावीर हाच पोरगा ठरला. चित्रण मिळालं तर तो जमिनीवरून किती वेगाने उठतो, एवढंच पाहा.

दुसरा, २००३ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, सिडनी. ऑस्ट्रेलियाने २२-१० ने हरवलं. ऑस्ट्रेलियाने जॉर्ज स्मिथ आणि फिल वॉ असे दोन ओपनसाइड एकदम उतरवले होते. एका सात नंबरसमोर दोन सात नंबर उभे केले की काय होतं, त्याचा हा धडा. घाईत असाल तर हा सामना सोडला तरी चालेल.

तिसरा मात्र सोडू नका. ६ ऑक्टोबर २००७, कार्डिफ, उपांत्यपूर्व फेरी, समोर फ्रान्स. आपल्याकडे मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला होता. मॅकॉ आदल्या वर्षीपासून पूर्णवेळ कर्णधार. न्यूझीलंडला सगळे विजेते धरूनच बसले होते. प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांनी २२ खेळाडूंना त्या वर्षीच्या सुपर १४ (सुपर रग्बीचं तेव्हाचं नाव) स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातून बाहेर ठेवून नुसतं शरीर कमवायला लावलं होतं, इतकी तयारी. मध्यंतराला आघाडी १३-३. शेवटी फ्रान्स २०, न्यूझीलंड १८.

फ्रान्सच्या निर्णायक ट्रायआधीचा पास पुढे गेला होता आणि पंचांना तो दिसला नाही. न्यूझीलंडमध्ये त्यावर वर्षानुवर्षं बोलणं चाललं. पण तुम्ही शेवटची दहा मिनिटं पाहा. दोन गुण मागे असताना तीन गुणांचा एक ड्रॉप गोल पुरला असता. त्यासाठी चेंडू हळूहळू खांबांसमोर आणून, किक मारणाऱ्याला मागे उभं करून, शांतपणे रचना करावी लागते. ती झाली नाही. लांबून, घाईने एक प्रयत्न झाला, तो चुकला. बाकी वेळ सगळे डोकं खाली घालून धडका देत राहिले. कर्णधाराला काय करायचं ते सुचलं नाही, हे पडद्यावर स्पष्ट दिसतं. पाहताना आजही पोटात कालवतं. याच सामन्यात फ्रान्सच्या थिएरी दुसोत्वार या फ्लँकरने ३८ टॅकल केले. हे नाव लक्षात ठेवा.

मायदेशी टीकेचा पाऊस पडला. तरीही संघटनेने हेन्रींना ठेवलं, मॅकॉलाही कर्णधार ठेवलं. मला या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच वाटतो, आणि तो त्याने स्वतः घेतलेला नव्हता.

चौथा, २३ ऑक्टोबर २०११, ऑकलंडचं ईडन पार्क, अंतिम सामना. समोर पुन्हा फ्रान्स, आणि त्यांचा कर्णधार तोच दुसोत्वार. न्यूझीलंडने विश्वचषक जिंकून २४ वर्षं झाली होती. आपल्याकडे रविवारची दुपार, दीड वाजता सुरुवात, दिवाळी तोंडावर. आमच्या घरी चकल्यांचा घाणा चालू होता आणि मी बाहेरच्या खोलीत आवाज बारीक करून बसलो होतो.

किक मारणारा मुख्य खेळाडू डॅन कार्टर स्पर्धेतूनच बाहेर, त्याच्या जागी आलेला दुसराही जायबंदी, आणि अंतिम सामन्याच्या पहिल्याच भागात तिसऱ्या, एअरन क्रुडनचा गुडघा गेला. मग चौथा, स्टीफन डोनाल्ड, मैदानात आला. दोन आठवड्यांपूर्वी तो वायकाटो नदीवर मासे पकडत होता, तिथून त्याला बोलावून घेतलं होतं. टोनी वुडकॉकच्या ट्रायने ५, डोनाल्डच्या पेनल्टीने ८. लगेच दुसोत्वारने ट्राय केला, कन्व्हर्जन झालं, ८-७. त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कोणालाच एकही गुण मिळाला नाही.

हा अर्धा तास २००७ च्या शेवटच्या दहा मिनिटांशेजारी ठेवून पाहा. माणसं बरीचशी तीच, फरक तेवढाच निसटता. पण आता प्रत्येक शिट्टीनंतर मॅकॉ सगळ्यांना जवळ घेतो, दोन शब्द बोलतो, श्वास घ्यायला लावतो. रग्बीत पंचाशी बोलायचा अधिकार कर्णधाराचा. तेव्हा पंचापुढे त्याचा चेहरा कसा आहे तेही बघा. आणि हे सगळं मोडक्या पायाने चाललं होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला पायाच्या हाडात स्क्रू घातला होता, आणि स्पर्धेत ते हाड पुन्हा दुखावलं. स्पर्धा संपेपर्यंत त्याने पायाचा एक्स-रे काढू दिला नाही.

पाचवी पायरी: शरीराचा हिशेब ठेवा

त्या पायाची गोष्ट ऐकून कुणी तरुण खेळाडू दुखणं लपवायला शिकू नये, असं मला मनापासून वाटतं. पाय आणि डोकं यांत फार फरक आहे. २००४ मध्ये डोक्याला बसलेल्या माराने मॅकॉलाही बाहेर बसवलं होतं. आता डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला १२ मिनिटांच्या तपासणीसाठी बाहेर नेतात, आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं की तो परत येत नाही. पाहताना खेळ थांबला म्हणून चिडू नका. तुमच्या ओळखीतलं कुणी रग्बी खेळत असेल तर मोठ्या सामन्यांत इतक्या सक्तीने का थांबतात, ते त्याला सांगा.

विश्रांतीचाही हिशेब असतो. २०१३ च्या पहिल्या सहामाहीत मॅकॉने ठरवून सुट्टी घेतली, करारातच तशी तरतूद होती. नाहीतर २०१५ ला, चौतिसाव्या वर्षी, तो सात नंबरच्या जागेवर टिकला नसता. त्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात, वेम्ब्लीला अर्जेंटिनाविरुद्ध, त्याने पळणाऱ्याच्या वाटेत पाय आडवा घातला आणि पिवळं कार्ड खाल्लं. चूक ढळढळीत होती. सहा आठवड्यांनी, ३१ ऑक्टोबरला, ट्विकनहॅमवर ऑस्ट्रेलियाशी अंतिम सामना. डेव्हिड पोकॉक आणि मायकेल हूपर हे चेंडू हिसकावण्यात पटाईत दोघे समोर, म्हणजे २००३ चाच पेच. न्यूझीलंड ३४-१७ ने जिंकला. मध्यंतराच्या आधीच्या ट्रायला शेवटचा पास मॅकॉचा होता, छोटासा, हातातून हातात दिल्यासारखा. तो मागे फिरवून पाहण्याजोगा आहे. हाच त्याचा शेवटचा सामना.

सहावी पायरी: आकडे वाचताना

१४८ टेस्ट, त्यांतले १३१ जिंकलेले, ११० मध्ये कर्णधार. तीनदा वर्षातला जगातला सर्वोत्तम खेळाडू: २००६, २००९, २०१०. टेस्टच्या संख्येचा विक्रम पुढे वेल्सच्या अॅलन विन जोन्सने मोडला. पण सात नंबरचं माप ट्रायमध्ये काढू नका. टॅकल किती, चुकलेले किती, आणि टर्नओव्हर, म्हणजे समोरच्याकडून काढून घेतलेले चेंडू किती, ते पाहा. दुसोत्वारच्या ३८ टॅकलसारख्या मोठ्या आकड्याचा दुसरा अर्थही असतो: त्याच्या संघाकडे चेंडू फारच कमी वेळ होता. आकडा आणि सामना एकत्रच वाचावा लागतो.

आणि आकडे संपल्यावर माणूस काय करतो, तेही पाहा. मॅकॉने नोव्हेंबर २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि तो हेलिकॉप्टर चालवू लागला. खेळत असतानाच तो उडायला शिकला होता. पुढच्या वर्षी कायकोराला भूकंप झाला तेव्हा मदतीच्या उड्डाणांत तोही होता.

सातवी पायरी: एकदा प्रत्यक्ष पाहा

मुंबईत किंवा जवळपास राहत असाल तर हे सहज जमेल. बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात रग्बी चालतं. क्रिकेटची खेळपट्टी झाकलेली असते तेव्हा हीच मंडळी चिखलात उतरतात. आपल्या देशात हा खेळ जुना आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्या कलकत्ता कपसाठी खेळतात, तो कोलकात्यातला क्लब बंद करताना तिजोरीतले चांदीचे रुपये वितळवून घडवलेला आहे. अभिनेते राहुल बोस भारताकडून खेळले आणि पुढे राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, ती मात्र सात-सात जणांची. तिथे मोकळी जागा फार, ढीग कमी. पंधरांचा खेळ समजून ती पाहायला गेलात तर गोंधळ होईल.

मी पहिल्यांदा जिमखान्याच्या कुंपणापाशी उभा राहिलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. टीव्हीवर कधीच न ऐकू येणारी गोष्ट तिथे ऐकू आली: टॅकल बसल्यावर छातीतून निघणारा हवेचा आवाज, आणि त्याच्या मागोमाग ओल्या गवतावर घसरणारे बूट. एक मुलगा रकखालून उठला, तोंडातला चिखल थुंकला आणि कुणाकडे न बघता पुढच्या ढिगाकडे पळाला. पाठीवर सात होता.

जाताना छत्री नको, रेनकोट घ्या, मागच्यांना दिसलं पाहिजे. गोलखांबांमागे उभं राहू नका, बाजूच्या रेषेवर मधोमध उभे राहा. पहिली वीस मिनिटं फक्त एकाच सात नंबरला पाहा, मग दुसऱ्या संघाच्या. सामना संपल्यावर खेळाडू बाहेर आले की एखाद्याला विचारा, अमुक वेळी शिट्टी का वाजली? माझा अनुभव असा की चिखलाने माखलेला माणूससुद्धा थांबून, हातांनी दाखवत, सगळं समजावून सांगतो.